व्यवसाय मार्गदर्शनात प्रश्नांचे स्थान

(संस्थेच्या युवक शिबिरात व्यवसाय मार्गदर्शन गटाच्या वतीने केलेले भाषण)



आज बोलण्यासाठी आम्हांला जो विषय देण्यात आला आहे, तो ऐकून काहींना नवल वाटले असेल. व्यवसाय म्हटला की भांडवल, जागा, यंत्र, बाजारपेठ यांवर बोलायचे. प्रश्नांवर काय बोलायचे? काही वर्षांपूर्वी आम्हांलाही असेच वाटत होते.

प्रथम आमचा अधिकार काय ते सांगतो. आम्ही व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक नाही. आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, कारखान्यात सुपरवायझर म्हणून हयात घालवलेले आहेत, किराणा दुकान चालवणारे आहेत आणि दुसऱ्यांच्या वह्या लिहून पोट भरणारेही आहेत. दर रविवारी सकाळी संस्थेच्या सभागृहात आम्ही टेबल मांडून बसतो. कोणाला धंदा काढायचा असतो, कोणाचा काढलेला धंदा अडलेला असतो. ते येतात, बोलतात, आम्ही आमच्या परीने मदत करतो. एवढेच आमचे काम.

सुरुवातीच्या काळात मात्र बोलायचे आम्ही आणि ऐकायचे ते, असा प्रकार होता. समोरच्याने दोन वाक्ये उच्चारली की आमच्यापैकी कोणीतरी सल्ला देऊन मोकळा होई. अनुभव होता, वय होते, आणि खरे सांगायचे तर ऐकणारा मिळाला याचा आनंदही होता. ही सवय कशी मोडली ते आधी सांगितले पाहिजे, कारण आजच्या विषयाचे मूळ तिथे आहे.

एक तरुण आमच्याकडे आला. आयटीआयमधून टर्नरचा कोर्स केलेला, एमआयडीसीतील कारखान्यात आठ वर्षे लेथवर काम केलेला. नोकरी सोडून त्याने भाड्याच्या गाळ्यात एक जुनी लेथ टाकली होती आणि एका कंपनीसाठी बुश आणि पिना करून देण्याचे जॉबवर्क तो करत होता. काम चोख, हात बसलेला. तो म्हणाला, “काका, कंपनी म्हणते काम वाढवून देऊ. सीएनसी मशीन घेऊ का?”

आम्ही म्हणालो, “घे. संधी दाराशी आली आहे. आपली मुले मागे राहतात ती अशा वेळी कच खातात म्हणून.”

त्याने घेतले. 18 लाखांचे कर्ज, सात वर्षांची मुदत, महिन्याला 31 हजारांच्या आसपास हप्ता. कर्जाचे कागद आम्हीच तयार करून दिले आणि त्याचा आम्हांला अभिमानही होता. पहिले सहा महिने ठीक गेले. कंपनी बिलाचे पैसे तीन महिन्यांनी देत असे, ते चार महिन्यांवर गेले. सातव्या महिन्यात कंपनीने आपल्या मालाचे डिझाइन बदलले आणि त्या पिनांची गरजच उरली नाही. मशीन कापड झाकून उभे राहिले. हप्ते थकले. शेवटी मशीन पडत्या किमतीत विकावे लागले, वरची रक्कम डोक्यावर राहिली आणि तो पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागला.

एका रविवारी तो आमच्यासमोर येऊन बसला. तो रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, “काका, तुम्ही म्हणालात म्हणून घेतलं.”

मित्रहो, त्या दिवशी तो गेल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग एकाने कागद घेतला आणि आम्ही त्याला कोणते प्रश्न विचारायला हवे होते ते लिहायला घेतले. तुझी गिऱ्हाइके किती? ते एकच असेल आणि उद्या तुटले तर मशीनला दुसरे कोणते काम मिळेल, त्याचा शोध घेतला आहेस का? माल दिल्यावर पैसे किती दिवसांनी हातात येतात, आणि तोवरचा हप्ता कोठून भरणार? काम वाढवून देऊ असे कंपनी म्हणते ते तोंडी की लेखी? चार प्रश्न. पहिली-दुसरीतल्या बेरजेपेक्षा अवघड यात काही नव्हते. त्याला उत्तरे माहीतही होती. एकच गिऱ्हाईक आहे हे त्याला माहीत नव्हते का? पण कोणी विचारले नाही म्हणून ती उत्तरे त्याच्या तोंडून बाहेर आली नाहीत आणि त्याच्या स्वतःच्या कानांवर पडली नाहीत. चूक त्याच्या यंत्रात नव्हती, कामातही नव्हती. ती आमच्या टेबलावर झाली होती.

तेव्हापासून आम्ही प्रश्न या गोष्टीचा थोडा अभ्यास केला. त्यातून जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, सगळे प्रश्न सारखे नसतात. हे आम्हांला कोणा परदेशी पुस्तकाने प्रथम शिकवले नाही. आपल्या परिचयाच्या ‘मिलिंद प्रश्न’ या ग्रंथाने शिकवले. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, इतिहासात ज्याला मिनँडर म्हणतात, तो भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारतो आणि ते उत्तरे देतात, असा हा ग्रंथ आहे. छत्रपती संभाजीनगर म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत 1950 साली सुरू झालेल्या आपल्या मिलिंद महाविद्यालयाचे नाव याच राजावरून पडले. चर्चेच्या प्रारंभीच नागसेन राजाला एक अट घालतात. पंडित बोलतात तसे बोलणार असाल तर चर्चा करू, राजे बोलतात तसे बोलणार असाल तर नको. राजा विचारतो, दोन्हींत फरक काय? नागसेन सांगतात की, पंडितांच्या चर्चेत गाठी पडतात आणि सुटतात, एकाची चूक दुसरा दाखवतो, ती मान्य होते आणि तरी कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मुद्दा मांडतात आणि त्याला जो हरकत घेईल त्याला दंड फर्मावतात. मिलिंदाने पंडितासारखे बोलण्याचे कबूल केले आणि मगच चर्चा पुढे सरकली.

व्यवसायाच्या मार्गदर्शनात यापेक्षा मोठा नियम आम्हांला सापडलेला नाही. राजाचा प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते आणि ते न मिळाल्यास समोरच्याचे नुकसान होते. पंडिताचा प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि ते ऐकून स्वतःचे मत बदलण्याची त्याची तयारी असते.

आता आपल्या समाजाचा विचार करा. आपल्या मुलांनी आयुष्यभर प्रश्न ऐकले ते कोणते? खोली भाड्याने घ्यायला गेले की “आडनाव काय?” कर्ज मागायला गेले की “जामीन कोण?” “तारण काय?” दुकान टाकतो म्हटले की “तुमच्यात कोणी धंदा केलाय का आधी?” हे सगळे राजाचे प्रश्न आहेत. उत्तर काहीही द्या, निकाल आधीच लागलेला असतो.

खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा अनुभव व्यवसाय-सल्ल्याच्याच क्षेत्रात आला. लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून 1917 साली ते भारतात परतले. त्यानंतर मुंबईत उपजीविकेसाठी जे उद्योग त्यांनी केले त्यांत शेअर्स व गुंतवणुकीसंबंधी सल्ला देण्याचा व्यवसायही होता. अर्थशास्त्रात कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केलेला हा माणूस. त्याच्यासारखा सल्लागार त्या काळी मुंबईत किती जणांना मिळाला असता? परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. 1918 च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सल्ला बरोबर आहे का, हा खरा प्रश्न होता. लोकांनी विचारले ते सल्ला देणारा कोण आहे.

म्हणून आमच्या टेबलासमोर बसलेल्या मुलाला आम्ही प्रश्न विचारला की तो आधी अंग चोरतो. त्याला वाटते परीक्षा सुरू झाली. तो घाईघाईने चांगले उत्तर देतो, खरे देत नाही. “विक्री किती?” म्हटले की थोडी वाढवून सांगतो, “उधारी किती?” म्हटले की थोडी कमी करून. आम्ही आता सुरुवातीलाच सांगतो की, इथे पास-नापास नाही, तुझ्या उत्तरावर आमचे काही अवलंबून नाही; जे अवलंबून आहे ते तुझेच आहे. आणि आमच्यातला कोणी राजासारखा बोलू लागला तर दुसऱ्याने त्याला टेबलाखालून पाय लावायचा, असे ठरवून ठेवले आहे. हसू नका, हा उपाय फार गुणकारी आहे.

आता एक उदाहरण जरा विस्ताराने सांगतो. विद्यार्थ्यांनी वहीत आकडे लिहून घ्यावेत. समजायला सोपे जावे म्हणून आम्ही ते गोळाबेरीज केलेले आहेत.

आमच्याकडे एक ताई आल्या. पोळी-भाजी केंद्र चालवतात, त्यात पोळ्यांचा धंदा मुख्य. म्हणाल्या, “धंदा चालतोय, पहाटे पाचपासून हात थांबत नाही, पण महिनाअखेर उरत काहीच नाही. काय चुकतंय ते सांगा.”

पूर्वीचे आम्ही असतो तर लगेच म्हणालो असतो, भाव वाढवा. या वेळी आम्ही विचारले, “ताई, दिवसाला पोळ्या किती?” तीनशे. “कोण कोण घेतं?” शंभर पोळ्या दुकानावर सुट्या जातात, आठ रुपयांना एक. दोनशे एका खानावळीला, पाच रुपयांनी. म्हणजे दिवसाची आवक 800 आणि 1,000 मिळून 1,800 रुपये. मग खर्च. पीठ दहा किलो, 450 रुपये. तेल 150, गॅस 250, कागद-पिशव्या 50. मदतनीस बाईंचा रोज 400. गाळ्याचे भाडे दिवसाला 200. एकूण 1,500 रुपये. उरले 300.

“ताई, या तीनशेत तुमची स्वतःची मजुरी धरली का?” ताई थांबल्या. म्हणाल्या, “माझी कसली मजुरी? मी तर घरचीच.” मदतनीस बाईला 400 आणि मालकिणीला 300, आणि काम दोघींचे सारखेच, उलट मालकिणीचे चार तास जास्त. हा हिशेब त्यांनी स्वतःच्या तोंडाने केला तेव्हा त्या जरा वेळ वहीकडे पाहत बसल्या.

पुढचा प्रश्न. “एक पोळी कितीला पडते?” 1,500 भागिले 300, पाच रुपये. खानावळीला पोळी जाते तीही पाचच रुपयांना. म्हणजे दोनशे पोळ्या फुकट लाटल्या जातात आणि जे काही सुटते ते दुकानावरच्या शंभर पोळ्यांत! आमच्यातल्या एका हिशेबनिसांच्या ओठावर सल्ला आलेला होता: खानावळ बंद करा. त्यांनी तो कसाबसा गिळला आणि सल्ल्याऐवजी विचारले, “समजा उद्यापासून खानावळीच्या पोळ्या बंद केल्या, तर कोणता खर्च कमी होईल आणि कोणता तसाच राहील?”

ताईंनी बोटे मोजली. पीठ, तेल, गॅस, पिशव्या कमी होतील, पोळीमागे तीन रुपयांच्या हिशेबाने. पण बाईचा रोज आणि भाडे? “बाईला शंभर पोळ्यांसाठी पण यावंच लागेल ना. आणि गाळेवाला काय भाडं कमी करणार आहे?” म्हणजे बंद केल्यावर आवक 800; पीठ-तेल-गॅस-पिशव्यांचे 300, रोज आणि भाडे मिळून 600, एकूण खर्च 900. दिवसाला शंभर रुपये तोटा! आज तीनशे सुटतात ते जाऊन शंभर खिशातून घालावे लागतील. कागदावर फुकट दिसणारी ती खानावळ पोळीमागे दोन रुपये, म्हणजे दिवसाला चारशे रुपये भाड्याला आणि रोजाला हातभार लावत होती.

आमचा सल्ला दिला गेला असता तर त्या बाईचा चालता धंदा आम्ही तोट्यात घातला असता, आणि वर शास्त्रोक्त सल्ला दिला म्हणून पाठ थोपटून घेतली असती. एका प्रश्नाने ते टळले.

पुढे त्यांनी जे केले ते आम्ही सांगितलेले नव्हते. त्या खानावळवाल्याशी बोलल्या. सहा रुपये मागितले, साडेपाचवर तो आला. दोनशे पोळ्यांमागे दिवसाला शंभर रुपये वाढले, महिन्याचे 26 दिवस धरले तर 2,600. शिवाय पोळ्या पोचवायला त्या स्वतः जात, आता खानावळीचा पोरगा येऊन नेतो. तो वाचलेला पाऊण तास त्या दुकानावर देतात. खानावळवाल्याला जवळ दुसरी पोळीवाली नाही, त्यामुळे तो अडून बसणार नाही, हे त्यांना माहीत होते. आम्हांला कोठून माहीत असणार? निर्णय त्यांचा होता म्हणून तो त्यांना निभावताही आला.

मंडळी, आम्हांला हे उशिरा कळले, परंतु जगात काही जाणत्या माणसांनी याचे शास्त्र केलेले आहे. त्यांपैकी तिघांचा उल्लेख करतो.

पहिले इंग्लंडचे रेग रेव्हन्स. जन्म 1907, मृत्यू 2003. तरुणपणी ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत संशोधक होते. तेथील नामवंत शास्त्रज्ञ एकत्र बसत तेव्हा आपले काय जमले ते मिरवण्याऐवजी काय अडले आहे ते एकमेकांना सांगत, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली. पुढे 1940 च्या दशकात ते कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांच्या शिक्षणाचे काम पाहू लागले. त्यांनी बाहेरून तज्ज्ञ आणून व्याख्याने लावली नाहीत. व्यवस्थापकांचे लहान लहान गट केले, त्यांना एकमेकांच्या खाणींवर पाठवले आणि एकमेकांच्या अडचणींवर प्रश्न विचारायला लावले. त्यांचे एक सूत्र प्रसिद्ध आहे: शिकणे म्हणजे पुस्तकी ज्ञान अधिक प्रश्न विचारून आलेली समज. अडचण समोर आली की तीन गोष्टी विचारा, असे ते सांगत. या अडचणीविषयी माहिती कोणाला आहे? ती सुटावी अशी तळमळ कोणाला आहे? आणि ती सोडवणे कोणाच्या हातात आहे? आमच्या अनुभवाने सांगतो, पुष्कळदा ही तीन निरनिराळी माणसे निघतात आणि त्यांची कधी गाठच पडलेली नसते.

दुसरे जपानचे ताईची ओहनो. टोयोटा कारखान्याची उत्पादनपद्धती घडवणारे अभियंते. काही बिघडले की पाच वेळा ‘कशामुळे’ असे विचारा, हा त्यांचा परिपाठ. त्यांनी दिलेले उदाहरण असे: यंत्र बंद पडले. कशामुळे? भार जास्त झाला आणि फ्यूज उडाला. भार कशामुळे वाढला? बेअरिंगला पुरेसे वंगण मिळाले नाही. कशामुळे? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. कशामुळे? पंपाचा दांडा झिजला होता. कशामुळे? गाळणी बसवलेली नव्हती, त्यामुळे धातूचा कीस आत गेला. पहिल्याच उत्तरावर थांबला असता तर माणूस फ्यूज बदलत राहिला असता. पाचव्या उत्तराने गाळणी बसली.

येथे मराठी माणसाने एक पथ्य पाळावे असे आम्हांला वाटते. आपल्या भाषेत “का?” हा शब्द माणसाला उद्देशून आला की तो प्रश्न राहत नाही, तो दरडावणे होतो. “का केलंस?” “का उशीर झाला?” हे आपण घरी, शाळेत, कारखान्यात ऐकत आलो, त्यावर उत्तर म्हणून सबबच बाहेर येते. “उधारी का वाढू दिलीस?” म्हटले की मान खाली जाते. “उधारी वाढायला कधीपासून सुरुवात झाली? तेव्हा काय घडलं होतं?” असे विचारले की वही उघडली जाते. किती, कधी, कोण, कसे, कशामुळे, हे शब्द वापरावेत. ‘का’ हा शब्द जपून वापरावा.

तिसरे पीटर ड्रकर. त्यांनी 1954 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्यवस्थापनावरील ग्रंथात मोठमोठ्या कंपन्यांना अगदी भोळे वाटणारे प्रश्न विचारले. आपला धंदा कोणता? आपले गिऱ्हाईक कोण? गिऱ्हाईक कशाला मोल देते? एक मुलगा आमच्याकडे झेरॉक्सचे दुकान चालत नाही म्हणून आला होता. दुकान तहसील कचेरीसमोर. “तुझ्याकडे येणाऱ्याला नेमकं काय हवं असतं?” असे विचारल्यावर तो विचार करून म्हणाला, “झेरॉक्स नकोच असते त्यांना. फॉर्म बरोबर भरला जावा आणि परत हेलपाटा पडू नये, एवढंच हवं असतं.” आज त्याच्या दुकानात झेरॉक्स मशीन कोपऱ्यात आहे आणि पुढे दोन खुर्च्या व अर्ज भरून देण्याचे टेबल आहे.

आणखी एक प्रसंग सांगून हा भाग संपवतो. अमेरिकेतील इंटेल ही कंपनी आरंभी संगणकाच्या मेमरी चिप करत असे. जपानी कंपन्यांच्या स्पर्धेने ती 1985 साली अडचणीत आली. तेव्हाचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी आपले वरिष्ठ सहकारी गॉर्डन मूर यांना विचारले की, आपल्याला काढून संचालकांनी नवा प्रमुख आणला तर तो काय करील? मूर म्हणाले, मेमरीच्या धंद्यातून बाहेर पडेल. तेव्हा ग्रोव्ह म्हणाले, मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि तेच करू. पुढे ही कंपनी मायक्रोप्रोसेसरसाठी जगभर ओळखली गेली. आपल्या गल्लीतल्या दुकानदारालाही हा प्रश्न विचारता येतो: उद्या तुझे दुकान दुसऱ्याने चालवायला घेतले, तर पहिल्याच दिवशी तो काय बंद करील? उत्तर बहुधा तयार असते. सांगायला कोणी लावलेले नसते, इतकेच.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रश्नांचे इतके कौतुक केले म्हणून मार्गदर्शकाने सगळ्याच गोष्टी प्रश्न म्हणून समोरच्याच्या गळ्यात मारू नयेत. जी माहिती आहे ती सरळ सांगावी. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांवर आणि सेवा देणाऱ्याची 20 लाखांवर गेली की सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. यावर “तुला काय वाटतं?” असे विचारणे म्हणजे थट्टा आहे. तसेच सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने करार काहीही असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, अशी तरतूद 2006 च्या कायद्यात आहे. आमच्या त्या टर्नर मुलाला हे कोणी सांगितले नव्हते, आम्हीही नाही. तो चार-चार महिने पैशाची वाट पाहत होता आणि आम्ही त्याला संधीच्या गोष्टी सांगत होतो. जे माहितीने सुटते ते माहितीने सोडवावे; जे त्याच्या परिस्थितीत दडलेले आहे ते प्रश्नाने बाहेर काढावे. यातला विवेक ज्याला जमला तोच मार्गदर्शक.

आणि घरात आजारपण असताना, हप्ता थकून बँकेचा माणूस दारात उभा असताना आलेल्या माणसावर प्रश्नांची सरबत्ती करू नये. आधी पाणी द्यावे. त्या दिवशी बँकेत त्याच्याबरोबर जावे. प्रश्न पुढच्या रविवारी.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे बोलणे तुमच्याशी आहे. मार्गदर्शकाने प्रश्न विचारावेत हे झाले. पण तुम्हीही मार्गदर्शकाला प्रश्न विचारले पाहिजेत. वडीलधाऱ्यांना उलट विचारू नये, असे आपल्याला घरातून शिकवलेले असते. त्यातला आदर ठेवा, भीती टाका. कोणी म्हणाला की अमुक धंदा कर, तर हात जोडून विचारा: आपण हे स्वतः केले आहे का? यात बुडालेला कोणी आपल्या पाहण्यात आहे का, आणि तो कशामुळे बुडाला? यात आपला काही फायदा आहे का? हा तिसरा प्रश्न विचारायला जड जातो, पण दामदुप्पट योजनांत आणि साखळी पद्धतीच्या धंद्यांत आपल्या किती कुटुंबांचे पैसे गेले ते आठवले म्हणजे तो विचारण्याचे बळ येईल. बँकेत गेलात तर विचारा: व्याज स्थिर की बदलते? सगळे खर्च धरून हातात किती पडतील? कर्ज नाकारत असाल तर कारण लेखी द्याल का? जो या प्रश्नांनी रागावतो तो राजा समजावा आणि जपून राहावे. जो थांबून उत्तर देतो, किंवा “मला माहीत नाही, पाहून सांगतो” म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जावे.

त्या टर्नर मुलाचे पुढे काय झाले असे तुम्ही विचाराल. त्याचे कर्ज अजून फिटायचे आहे. तो नोकरी करतो आणि संध्याकाळी एका मित्राच्या गाळ्यात जॉबवर्क करतो. या वेळी तीन गिऱ्हाइके आहेत आणि तिघांचेही काम लेखी ऑर्डरवर आहे. त्याचे नुकसान आम्ही भरून देऊ शकलो नाही, आणि या भाषणानेही ते भरून येणार नाही. आम्ही एकच करू शकलो. आमच्या टेबलाच्या या बाजूला एक खुर्ची वाढवली आणि त्याला तेथे बसायची विनंती केली. दोन रविवार त्याने विचार केला आणि तिसऱ्या रविवारी आला.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली होती. शिवणकामाच्या सहा मशीन घ्यायच्या होत्या, एका शाळेच्या गणवेशांचे काम मिळणार होते. आम्ही सारे खूश. तिच्याकडे पाहून त्याने हळू आवाजात विचारले, “ताई, शाळा एकच आहे का?” ती म्हणाली, “हो.” “आणि गणवेश शिवून झाले की उरलेले नऊ महिने मशीनवर काय शिवणार?”

ती परत गेली. दोन आठवड्यांनी आली तेव्हा तिच्याकडे कागदाची यादी होती: दोन शाळा, एक रुग्णालयाच्या चादरींचे काम, एक ब्लाउजवाली. आणि मशीन सहा नव्हत्या, दोन होत्या. बाकीच्या पुढच्या वर्षी, असे तिने स्वतःच लिहिले होते.

आता आम्ही बसतो. तुमचे प्रश्न येऊ द्या.